बंबाजवळचा पिंजरा

तेजस्वी : नको, आत्या, पाणी नको. तो चमचा बाजूला ठेवा. डॉक्टर फोनवर म्हणाले, चोचीत काही घालायचं नाही, श्वासात जाईल.

धोंडुबाई : बरं बाई, न्हाय घालत. खरं, चोच कशी उघडी टाकून बसलीया बघ की. घसा सुकला असंल गं.

तेजस्वी : दम लागलाय तिला. धूर गेलाय छातीत.

धोंडुबाई : मग आत नेऊया. हितं परसात वारं लागतंय.

तेजस्वी : वारंच हवंय. आत अजून वास भरलाय. राजवीरना फोन केलाय, कंपनीतून निघतायत. ते आले की हिला या खोक्यातूनच कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं. तिथं पाखरांना ऑक्सिजन लावतात.

गणपतराव : काय झालं गं? तुझं ते कॉकटेल मेलं का काय?

तेजस्वी : मेली नाही, मामा. आणि कॉकटेल नाही, कॉकाटील. तिचं नाव खारी आहे.

गणपतराव : खारी तर खारी. कांदा फोडून हुंगवा. माणूस चक्कर येऊन पडला की कांद्यानंच उठतोय.

धोंडुबाई : अवं, पाखराला कुठं कांदा लावताय? गप बसा जरा.

तेजस्वी : आत्या, एक विचारू? पिंजरा न्हाणीत कुणी नेला?

धोंडुबाई : मी.

तेजस्वी : रात्री मी सोप्यात टांगला होता. वर फडकंही टाकलं होतं.

धोंडुबाई : व्हय. मी पाटंचं उठले तवा...

तेजस्वी : राहू दे. तुम्हाला ती नकोच होती. लग्न होऊन पिंजरा घेऊन दारात उतरले तेव्हाच तुम्ही म्हणालात, माहेरनं काय आणावं ते कळत नाही पोरीला.

धोंडुबाई : म्हणालतेच की. खोटं कशाला बोलू? टरफलं उडवती, सोपाभर घाण करती, पावणं आलं की किंचाळती. नकोच हुती मला.

तेजस्वी : मग झालं की तुमच्या मनासारखं.

गणपतराव : ए पोरी, सासूला काय बोलतीस?

धोंडुबाई : बोलू दे तिला, जीव तुटायलाय तिचा. तेजस्वी, नुसतं ऐकून तरी घे. पाटंचं बघितलं तर फडकं खाली पडलेलं. ही पिसं फुगवून, एक पाय पोटात घेऊन, गोळा हून बसलीती. मला वाटलं गारठली. शेळीचं करडू गारठलं की बंबाच्या उबंलाच ठेवतोय आमी. म्हणून नेली. खुंटीला अडकवली, वारं नको म्हणून दार वडून घेतलं नि धारंला गेले गोठ्यात.

तेजस्वी : दारसुद्धा लावलंत?

धोंडुबाई : लावलं की. ऊब राहावी म्हणून.

तेजस्वी : पण बंब लाकडावर पेटतो ना? मी दार उघडलं तर प्लॅस्टिक जळल्याचा वास होता. डोळे चुरचुरले माझे.

धोंडुबाई : लाकडं वली हुती. मीच काय तरी घातलं असंल पेटवायला.

गणपतराव : तू कशाला घालशील? तू गोठ्यात हुतीस न्हवं? तुझ्या मागनं रातच्या निखाऱ्यावर बंब मी पेटवला. दुधाच्या पिशव्या घातल्या नि तुटक्या चपलीचा एक तुकडा. भडकन पेटतंय. वर खुंटीला काय टांगलंय, अंधारात कशाला बघू मी?

तेजस्वी : रोज घालता हे?

गणपतराव : रोज. गल्लीत सगळीच घालत्यात. आमाला कुठं काय झालंय?

धोंडुबाई : सकाळ उगवली की खोकत बसताय, ते काय हौसेनं?

तेजस्वी : मामा, माणूस खोकून निभावून नेतो. हिची छाती केवढी? असला धूर तिला दोन श्वासांत आडवं करतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तरी पाखरं जातात. म्हणून तर मी आल्या आल्या सांगितलं होतं.

धोंडुबाई : सांगितलतीस. दुसऱ्याच दिवशी तो तवा माळ्यावर टाकला मी. तवापासनं आंबोळ्या बिडाच्या तव्यावर. उदबत्ती सुदिक देवापुढं लावत न्हाय, तुळशीपाशी लावती.

तेजस्वी : मला वाटलं, तुम्हाला बिडाचाच तवा आवडतो.

धोंडुबाई : आवडतोय कसला. मनगट मोडतंय उचलताना. तू तव्याचं सांगितलीस, उदबत्तीचं सांगितलीस. बंबाचं न्हाय सांगितलीस. सांगितली असतीस तर पिंजरा तिकडं फिरकू बी दिला नसता.

गणपतराव : मी येतो बंब इझवून.

तेजस्वी : आत्या, माहेरी आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये गिझर. बंबात काय काय घालतात, मला कुठं ठाऊक? तांबं काय चकचकीत आहे म्हणून मी त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला होता. तुम्ही तिला ऊब द्यायला गेलात आणि मी भलतंसलतं बोलले. चुकलं माझं.

धोंडुबाई : बोललीस तर बोललीस. तुझ्या जागी मी असते तर भांडी आपटली असती. पाखरू वाचू दे म्हंजे झालं. मला लई भ्या वाटायलंय गं.

तेजस्वी : मलापण.

गणपतराव : वतलं पाणी. न्हाणीची खिडकी, दार, सगळं सताड उघडं टाकलं. आता काय घालू नि काय नको, सांग बघू.

तेजस्वी : नुसतं वाळलेलं लाकूड घाला, मामा. तुमच्या छातीसाठी. पिंजरा मात्र लाकडाच्या धुरातही नको, कधीच नको. गारठली तर बाटलीत गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि पिंजऱ्याच्या एकाच अंगाला ठेवायचं. नको वाटलं तर तिला दुसरीकडं सरकता आलं पाहिजे.

गणपतराव : नि गरम पाणी कुठलं? बंब तर इझवला की.

धोंडुबाई : गॅसवर तापवा. हात हायत न्हवं?

तेजस्वी : आत्या, इकडं बघा. चोच मिटली.

धोंडुबाई : व्हय की. डोक्यावरचा तुरा बी हलला बघ.

तेजस्वी : थांबा, बोट पुढं करते. धरलं. घट्ट धरलंय तिनं.

धोंडुबाई : देवा, बरं केलंस बाबा.

तेजस्वी : शेपटी अजून वरखाली होतेय, दम आहेच. पण मघासारखा नाही. डॉक्टरांनी बघायलाच हवं. थांबा, राजवीरचा फोन. बोला. अजून कंपनीच्या गेटवरच? बरं. नको, तुम्ही थांबा तिथंच. आम्ही जातो.

गणपतराव : मोटरसायकल काढू का?

धोंडुबाई : तुमी एक खड्डा चुकवत न्हाय. पाखरू वाटंतच जाईल.

तेजस्वी : माझी स्कूटी काढते. आत्या, मागं बसाल ना?

धोंडुबाई : मी? बसंन की. खरं, खोकं कोण धरंल?

तेजस्वी : तुम्ही. मांडीवर घ्या, झाकण थोडं उघडं ठेवा. मी सावकाश चालवते.

धोंडुबाई : माझ्याजवळ देतीस?

तेजस्वी : मग आणि कुणाजवळ देऊ?