खांड नथी

...आणि वर मलाच म्हणते, 'चोरून खाता तुम्ही!' मला! तुम्हाला सांगतो, बडोद्याजवळ बाजव्याकडच्या एका कारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं काढली मी, सुटलेल्या पाळीतल्या माणसांचे डबे उघडून बघायचं काम, भाजीखाली तांब्याची तार असली की डब्याच्या वजनावरून सांगायचो, आणि त्या जगदेवरावाला स्वतःची बायको, ही प्रेमला, दारातच अडवून म्हणते, 'आ करा बघू!' तोंडाचा वास घेते हो! चाळीस वर्षांच्या संसारात कधी एवढी जवळ... जाऊ दे.

झालं काय, दिवाळीआधी डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी साडेसात. म्हणाले, 'काका, गोळ्या आहेतच, पण खाणं सांभाळा. सातच्या खाली आणा. उत्तरायणानंतर परत बघू, वाढली तर सुई सुरू करू.' सुई! रोज! स्वतःच्या पोटात, स्वतःच्या हातानं! आमच्या खापरपणजोबांनी म्हणे गायकवाडी फौजेत तलवार गाजवली, आणि मला, आता तुमच्यापासून काय लपवायचं, टाचणी बघितली तरी घेरी येते.

मग काय, प्रेमलानं राज्य हातात घेतलं. आधी कोशिंबीर, मग उसळ, भाकरी सगळ्यात शेवटी, भाताची एकच मूद, आणि जेवून उठलं की लवंडायचं नाही, गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. भाकरी समोर वाफाळतेय आणि मी काकडी चावतोय! आमटीतला गूळ बंद. बडोद्यातल्या आमटीतला गूळ, म्हणजे बघा! माझ्यापायी घरातल्या सगळ्यांची तोंडं वाकडी. मी तरी घासाघासाला विचारायचो, 'ज्वारीचीच ना ही? गहू नाही ना घातलास? गिरणीवाल्यानं दळण बदललं नसेल?' संशय नाही हो घेत, नुसतं विचारतो!

आणि अशात समोरच्या घराच्या ओटल्यावरून शेजारीण हंसाबेनची हाक. 'जगदेवभाई, डायाबिटीसमां तो कडवी मेथी एटले अमृत!' आणि डबा पुढे. मेथीचा लाडू! आता मी काय कच्चा गडी? झाकण उघडलं, वास घेतला, लाडू फोडून आत बघितलं (हाताची सवय, काय करता!) आणि सरळ विचारलं, 'खांड?' खांड म्हणजे आपली साखर, बडोद्यात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की साखरेची खांड होते. तर हंसाबेन म्हणाल्या, 'खांड जराय नथी, हों!' तीनदा विचारलं, तीनदा 'नथी', नाही म्हणजे नाहीच. पापणी हलली नाही बाईंची! खरं बोलणारं माणूस मी बरोबर ओळखतो. खाल्ला. कडू! आणि मागाहून जरासं... बरं वाटलं. म्हटलं, मेथीचाच गुण असेल.

रोज सकाळी एक. पुढे थंडी वाढली, मग दोन. डोस वाढवतातच की औषधाचा! घरात बोललो नाही. औषध काय दवंडी पिटून घ्यायचं?

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली, पतंग उतरले, रक्त दिलं, कागद आला. आठ पूर्णांक चार!

अहो, वाढली! काकड्या खाऊन वाढली! मी म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. माझ्याआधी एक गुबगुबीत शेठ बसले होते रक्त द्यायला, त्यांची चिठ्ठी माझ्या बाटलीवर तर नाही लागली? की घरातच कुणीतरी आमटीत गुपचूप...? प्रेमलाला म्हटलं, 'डबे दाखव बघू स्वयंपाकघरातले सगळे. संशय नाही घेत, नुसतं—' पुढचं बोलूच दिलं नाही तिनं. मटकन खाली बसली, डोळ्यांना पदर. 'तुमच्याबरोबर मीही गोड सोडलं हो. संक्रांतीला तिळाची वडी जिभेवर ठेवली नाही. आणि तुम्ही माझेच डबे तपासता?'

तुम्हाला सांगतो, त्या घटकेला सुई टोचून घेतली असती तर बरं, असं वाटलं मला. फार वाईट वाटलं. घरात बसवेना, तडक समोरच्या ओटल्यावर गेलो. हंसाबेननी लाडू हातावर ठेवला. अर्धा खाल्ला, जरा धीर आला, आणि सहज, अगदी सहज विचारलं, 'हंसाबेन, काय काय घालता हो यात?'

'मेथी, घी, गुंदर, सूंठ,' बोटांवर मोजत म्हणाल्या, 'ने गोळ.'

'गोळ?' लाडू घशातच. 'गूळ?'

'लो! गोळ वगर लाडू वळे?'

'अहो, पण तुम्ही तीनदा म्हणालात, खांड नथी!'

'ते नथी ज ने! खांड क्यां छे? आ तो गोळ छे!'

बाई खोटं बोललीच नव्हती हो! मीच गूळ विचारला नाही. गेटवर नव्या माणसांना मीच शिकवायचो, नुसतं 'लोखंड आहे का' विचारू नका, 'काय आहे' विचारा! आणि जीभ? ती तर बडोद्याची. गुळाच्या आमटीवर वाढलेली, तिला एवढासा गूळ गोड थोडाच लागतोय?

घरी गेलो, प्रेमलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दोन लाडवांचंसुद्धा. रागावेल वाटलं, पण ती हसली, डोळे पुसत पुसत हसली, आणि मग रागावली. डॉक्टरांच्या हातापाया पडून एक महिना मागून घेतलाय. आता ही रोज दारात उभी. 'हात वर! खिसे दाखवा! आ करा!' बत्तीस वर्षं लोकांना केलं, आता माझी पाळी.

काल हंसाबेननी पुन्हा डबा पुढे केला. 'जगदेवभाई, आ वखते तो गोळ पण नथी, हों!'

या खेपेला शहाणा झालो होतो मी. विचारलं, 'मग काय आहे?'

'खजूर!'

डबा न उघडता प्रेमलाच्या हातात दिला... आणि तिनं म्हणायच्या आत हात वर केले.