छातीतली डबी

(सोलापूर. सात रस्त्याजवळचा हृदयाचा दवाखाना. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मायलेकी.)

इंद्रायणी: सही करायची नसेल तर तसं सांग ना आई. कागद धरून नुसती बसू नकोस. सिस्टर दोनदा विचारून गेल्या.

गोदावरी: कशापायी करू? चांगली धडधाकट हायस तू. रोज बँकेचे तीन जिने चढतीस. कातडीखाली डबी कशाला शिवून घ्यायची?

इंद्रायणी: अभिमन्यूदादा पण धडधाकटच होता.

गोदावरी: त्याचं नाव हितं नगं.

इंद्रायणी: इथं नको तर कुठं? ज्वारी काढता काढता पाणी प्यायला बसला आणि उठलाच नाही. सत्तावीस वर्षांचा. ठोका बिघडला, एवढंच. तोच दोष माझ्यात सापडलाय. ठोका बिघडला की ही डबी आतून झटका देते, परत ताळ्यावर आणते. एरवी गप्प असते.

गोदावरी: आन न्हाईच बिघडला तर? जन्मभर उगंच मशीन वागवायचं?

इंद्रायणी: उगाचच वागवायला लागू दे की.

गोदावरी: आशिषच्या घरी कळलं तर सोयरीक ऱ्हाईल का? आदी लगीन हुऊ दे. मग बघू.

इंद्रायणी: आशिषला मी सांगितलं.

गोदावरी: कवा?

इंद्रायणी: सोमवारी. दोन दिवस दे म्हणाला.

गोदावरी: आज शनवार हाय.

इंद्रायणी: वार माहितीय मला, आई.

गोदावरी: म्हणून म्हणत हुते.

इंद्रायणी: मलाही भीती वाटते गं. काउंटरवर बसलेय, समोर रांग, आणि आतून झटका बसला तर? कूस बदलताना हाताला टणक काहीतरी लागणार. माझं अंग माझं वाटेल का, कुणास ठाऊक. पण नाही घातली तर पाण्याचा पेला उचलला की दादाच दिसतो.

गोदावरी: तसलं काय हुत न्हाई. बावन्न वर्सं मला काय झालं?

इंद्रायणी: तुला? तुझा काय संबंध?

गोदावरी: काय न्हाई.

इंद्रायणी: आई. गेल्या महिन्यात तुमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या. सगळं साफ आलं म्हणालीस.

गोदावरी: तुझ्या बाचं साफ हाय.

इंद्रायणी: आणि तुझं?

गोदावरी: माझ्यातच निघालं. डॉक्टर म्हणले, लेकीला सांगा. मी तोंड उघडलं न्हाई. काय सांगू? पोराला मीच दिलं म्हणून?

इंद्रायणी: तुला तरी कुठं माहीत होतं?

गोदावरी: तुझ्यात मशीन बसलं की मी दिलेलं दुखणं रोज डोळ्याम्होरं. वाटलं, तू न्हाई घातलंस तर सगळं खोटं ठरंल.

इंद्रायणी: तुलाही बसवायला सांगितलीय?

गोदावरी: व्हय. मी न्हाय म्हणून आले. पोरगं गेलं, आता मला कशाला?

इंद्रायणी: मग मीही उठते. चल, मंगळवेढ्याची गाडी मिळेल.

गोदावरी: येड्यावानी करू नगं. बस खाली.

इंद्रायणी: दादाला तू उचललंस. उद्या तुला मी उचलायचं का? कसं उचलू, ते तरी सांग.

गोदावरी: इंदू, त्यो झटका लई लागतो का गं?

इंद्रायणी: छातीत लाथ बसल्यासारखा, म्हणाले डॉक्टर.

गोदावरी: तेवढी एक लाथ त्याला बसली असती.

इंद्रायणी: हो.

गोदावरी: पेन दे. कुटं करू?

इंद्रायणी: इथं, खाली. आणि शेजारी नातं लिही.

गोदावरी: लिवलं. आता आत जा, आन डॉक्टरला म्हण, आई बी आलीया.