न्यूयॉर्कचा पाव, ह्यूस्टनची गाडी

आमचं मूळ गाव साताऱ्याकडलं, पण ते नावापुरतं, मी जन्मले घाटकोपरलाच, डोंगराच्या पायथ्याला. वडील गोदीत हमाली करायचे आणि आई आजूबाजूच्या बायकांची बाळंतपणं करायची, शिकलेली नव्हती पण हाताला गुण होता, आणि तिच्यामागं पिशवी धरून हिंडता हिंडता माझ्या डोक्यात बसलं की आपण नर्स व्हायचं. वडील म्हणाले, हो, पण पगारवाली हो, आईसारखी फुकटातली नको. तर झाले. ट्रेनिंगला हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, मी, केरळची मेरीकुट्टी आणि नागपूरची विमल. ह्या दोघींची नावं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा ताप त्यांच्या पत्रांवरनंच झाला.

लग्न होऊन मुलुंडला आले. आमचे मिस्टर सरकारी ऑफिसात कारकून. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, दारू नाही, विडी नाही, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, अक्षर तर असं की अख्खी चाळ अर्ज लिहून घ्यायला यायची. पण एक खोड. काहीही ठरवायचं म्हटलं की कागद घ्यायचा, मधोमध उभी रेघ मारायची, इकडं एक लिहायचं, तिकडं एक लिहायचं. टेबलफॅन घ्यायचा तर दोन उन्हाळे रेघ मारण्यात गेले, शेवटी पगाराच्या दिवशी मीच जाऊन उचलून आणला.

तर मेरीकुट्टी गेली न्यूयॉर्कला आणि विमल ह्यूस्टनला. दोघी लिहायच्या, ये गं, इथं नर्सेस कमी पडतात. मी तिकडची परीक्षा दिली, काय सांगू तुम्हाला, ड्युटी करायची, घरी यायचं, स्टुलावर पुस्तक उघडं ठेवून भाकऱ्या थापायच्या, पोरगी तेव्हा पाच वर्षांची, ती पिठाच्या हातानं पानं उलटून द्यायची. पहिल्या झटक्यात पास झाले. दोन्हीकडं अर्ज टाकला, म्हटलं एक तरी लागेल, तर दोन्ही लागले! तीन महिन्यांत कळवा म्हणाले. मजल्यावर पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी ह्यांनी कागद काढला. डावीकडं न्यूयॉर्क, उजवीकडं ह्यूस्टन.

आता तिकडं पत्र जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा दिवस. हे विचारणार, दूध काय भाव, अंडी काय भाव, केस कापायला काय पडतं. मेरीकुट्टी बिचारी लिहायची की भाडं भयंकर आहे, आम्ही तिघी एका खोलीत राहतो, थंडीचा जाड कोट घ्यावाच लागतो, पण भुयारातली गाडी दाराशी आहे. विमल लिहायची, इथं भाडं निम्मं, जागा ऐसपैस, पण बसचं नाव नको, गाडी घ्यावीच लागते, मग तिचा विमा, तिचं पेट्रोल, आणि उकाडा असा की एसी दिवसभर चालू, बिल बघून चक्कर येते. डॉलर तेव्हा बारा रुपयांच्या आसपास होता, हे प्रत्येक आकड्याला बारानं गुणायचे आणि ओरडायचे, अगं, न्यूयॉर्कला पाव बारा रुपयांना! मी म्हटलं, अहो पगार पण डॉलरातच देणार ना, त्याला पण गुणा की बारानं. तर म्हणाले, थांब, आधी खर्च तर लागू दे.

शेजारी मालवणचे नाईक, ते गॅलरीतनं म्हणायचे, वहिनी, ह्यूस्टनाक जावा, थंय दर्यो आसा, मासळी खावा. त्यांची बायको म्हणायची, नको गो, न्यूयॉर्कच बरा, गाडी कोण चलवतला? अख्खा मजला दोन पार्ट्यांत वाटला गेला. मी ड्युटीवरनं येऊन चपला काढायच्या आत कुणीतरी विचारणार, काय, कोण स्वस्त निघालं? डोक्याची नुसती वाट लागली. दोन महिने गेले. मी म्हटलं, अहो, डोळे मिटून एक उचला. तर म्हणाले, नाही, विमलला शाळेच्या फीचं विचारलंय, तेवढं एक पत्र येऊ दे.

एका रविवारी मग मीच ते कागद घेऊन बसले. चार पानं झाली होती, टाचणी लावलेली. भाडं, पाव, कोट, गाडी, पोरीची फी, अगदी खोबरेल तेलसुद्धा. वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि ह्यांचं नाव कुठंच नाही. हे दाढी करत होते. विचारलं, ह्यात तुम्ही कुठायत? तुम्ही कुठं कामाला जाणार? अर्ध्या तोंडाला साबण तसाच, वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाले, विमलचा नवरा इथं मास्तर होता, तिथं गोदामात खोकी उचलतो, तिनं लिहिलं होतं, ते पान मी तुला दाखवलं नाही. मी म्हटलं, उचलली तर काय झालं, माझ्या बापानं जन्मभर पोती उचलली, त्यावरच मी शिकले. तर म्हणाले, माझ्यापण बापानं उचलली, म्हणूनच मला उचलायची नाहीत.

माणूस पावाच्या मागं लपून बसला होता हो, दोन-अडीच महिने. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक दिवस भांडलो असतो आणि काहीतरी वाट काढली असती. मला राग पण येईना धड, आणि जाईना पण. म्हटलं, मी एकटी पुढं जाते, पोरीला माझी आई सांभाळेल. म्हणाले, जा. त्याच दिवशी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात न्यूयॉर्कला होकार लिहिला आणि सकाळी पोस्टात टाकला. पोचेपर्यंत मुदत संपली. जागा भरल्या, पुन्हा अर्ज करा, असं उत्तर आलं. ह्यूस्टनला पण लिहून बघितलं, तिकडून तर उत्तरसुद्धा आलं नाही. पुन्हा करणार होते, पण त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, तिला टाकून कुठं जाणार? राहिलं ते राहिलं.

आता मी वॉर्डाची सिस्टर-इनचार्ज आहे. माझी नाइट असली की हे पोरीचा डबा भरतात, चहाची भांडी विसळून ठेवतात, अमेरिकेचं नाव दोघंही काढत नाही. गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डातली प्रमिला घरी आली, नवी पोरगी आहे, तिला शिकागो आणि डॅलस अशी दोन्हीकडनं पत्रं आलेली. म्हणाली, सिस्टर, कुठं स्वस्त पडेल? मी तोंड उघडायच्या आत हे खुर्चीतनं म्हणतात, स्वस्त-महाग काय बघतेस पोरी, माणसं दोन्हीकडं जगतात, मुदत कुणाची आधी संपते बघ आणि तिकडं सही कर. माझ्या हातात उलथनं होतं, आणि असं वाटलं, की घालावं एक! पण प्रमिलासमोर काय बोलणार? तिला म्हटलं, बरोबर सांगतायत ते, आजच कर सही, आणि जा बाई, सुखाची हो.