कोंडिविट्याचा मॅनेजर आणि रविवारची लॉरी

जबाब. दि. २१ ऑक्टोबर १९५६, रविवार.

नाव : सेराफिना क्लेमेंट मिस्किटा. वय : ३६ वर्षे. धर्म : ख्रिस्ती. धंदा : शिवणकाम. राहणार : कोंडिविटे गावठाण, विहिरीसमोर, अंधेरी पूर्व.

लॉरीचालक दशरथ यांनी आज सकाळच्या मारहाणीबद्दल तक्रार दिली आहे. त्या कामी मला चौकीत बोलावून विचारले, त्यावरून मी स्वखुशीने सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. आम्हांस मूलबाळ नाही. माझे पती क्लेमेंट हे आरे कॉलनीत गुरांच्या एका गोठ्यावर मुकादम आहेत. त्याशिवाय ते 'कोंडिविटे स्पोर्टिंग' या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचे नऊ वर्षांपासून मॅनेजर आहेत. हे काम बिनपगारी आहे. मॅनेजरने खेळाडू निवडायचे, सराव घ्यायचा, सामना ठरवायचा आणि कोणाचा पाय मुरगळला तर त्याला आमच्या घरी आणायचे. लेप मी लावते. जर्सी मी शिवते. पावसाळ्यात बूट आमच्या चुलीभोवती वाळतात.

गेल्या जून महिन्यात शहरातील एका मिलचे एक गृहस्थ मोटारीने आमच्या घरी आले. मिलच्या फुटबॉल टीमला मॅनेजर पाहिजे, नोकरी मिलमध्येच मिळेल, राहण्यास परळला खोली मिळेल, असे ते म्हणाले. माझे पती "पाहतो" म्हणाले. माझे पती कशालाही "पाहतो" म्हणतात. गृहस्थ चहा पिऊन गेले. मोटार गावठाणात शिरलेली सर्वांनी पाहिली होती. त्या दिवसापासून मॅनेजर जाणार की राहणार ही चर्चा आमच्या ओट्यावर सुरू झाली, ती आजपर्यंत बंद नाही.

चर्चा करणारे पुष्कळ होते. मुख्य दोघे. एक रोझारिओ, आमच्या गावचे शेतकरी, वय साठीच्या पुढे. त्यांचे म्हणणे, मॅनेजर जाणार नाही. दुसरा गुणाजी, आमच्या शेजारच्या चाळीत राहतो, मूळचा मालवणकडचा, पूर्वी मिलमध्ये होता, हल्ली एका गोदामावर रखवालदार आहे. त्याचे म्हणणे, मॅनेजर जाणार. दोघेही क्लबाचा एकही सामना चुकवीत नाहीत. दोघेही माझ्या पतींना काही विचारीत नसत. माझे पती आले की दोघे विषय बदलून सरावाविषयी बोलत. पती आत गेले की पुन्हा सुरू.

विचारल्यावरून सांगते की, होय, ते मला विचारीत. पण मला म्हणजे माझ्या दोरीवरच्या कपड्यांना. पतींचा कोट धुऊन वाळत घातला की गुणाजी म्हणे, "कोट कशाक धुतलो? परळाक जातलो म्हणून धुतलो!" मी घराला चुना लावला की रोझारिओ म्हणत, "जाणारा माणूस घराला चुना लावतो काय रे? डोकं आहे काय तुला?" चुना मी लावला होता. माझ्या पतींना तो लावल्याचे चार दिवसांनी कळले. क्लब सामना हरला की गुणाजी म्हणे, मॅनेजरचं मन उडालंय; जिंकला की म्हणे, मोठ्या टीमला दाखवण्यासाठी जिंकला. मी एकदा म्हटले, "अहो, आत जाऊन त्यांनाच विचारा की." तेव्हा रोझारिओ म्हणाले, "पोरी, असं तोंडावर विचारायचं नसतं. माणूस चिडून खरंच जायचा." आणि चहा मागितला.

माझ्या कामाची जागा ओट्यालगतच्या खोलीत आहे. खिडकी ओट्यावर उघडते. कापड बेतण्याचे टेबल खिडकीपाशी आहे. त्या टेबलावर माझे पती खडूने खेळाडूंच्या जागा काढून बघत. मी पुसून टाकी, ते पुन्हा काढीत. एका लग्नाच्या झग्याच्या पांढऱ्या सॅटिनवर लेफ्ट आऊट उमटला होता. तो तीनदा धुवावा लागला.

विचारल्यावरून सांगते की, मी यात विषय सोडून बोलत नाही. लॉरी का आली हे विचारले आहे, तेच सांगत आहे.

ऑगस्ट महिन्यात मुलुंडच्या सिस्टरांच्या शाळेतून मला निरोप आला. तेथे मुलींसाठी शिवणाचा वर्ग काढला आहे, शिकवण्यास बाई पाहिजे. मी जाऊन भेटले. माझे काम त्यांनी पाहिले. मोठ्या सिस्टरांनी मी शिवलेली एक कॉलर उलटसुलट करून बघितली व "तुम्ही कुठे शिकलात?" असे विचारले. मला असे कोणी विचारले नव्हते. शाळेच्या आवारात राहण्यास एक खोली आहे. मी होकार दिला.

हे मी पतींना सांगितले. पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते बुटाला खिळा ठोकीत होते, "पाहतो" म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा मी जेवताना सांगितले, की दिवाळीच्या आधी वर्ग सुरू होणार, मी जाते, तुम्ही येता काय. ते म्हणाले, "गोलकीपरचा हात सुजलाय गं, तुझ्याकडं हळद आहे काय?" हळद होती. दिली.

त्यानंतर मी पुन्हा सांगितले नाही.

अंधेरी बाजारातील दशरथ लॉरीवाल्यांना मी स्वतः भेटून आजची सकाळ ठरवली. रविवारी सकाळी सारे गावठाण चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाते व माझे पती पहिली मिस्सा करून मैदानावर सरावाला जातात. त्यामुळे ओटा रिकामा असतो. गुणाजी हिंदू आहे हे माझ्या ध्यानात राहिले नाही.

आठच्या सुमारास लॉरी आली. दशरथ व मी मिळून सामान भरू लागलो. गुणाजीची बायको प्रेमा मदतीस आली. तिला मी काही सांगितले नव्हते. तिने मशीनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले व ट्रंकेची एक कडी धरली. "खंय?" एवढेच विचारले. मी "मुलुंड" म्हटले. ती म्हणाली, "बरा केलास बाय." तेवढ्यात गुणाजी तोंडात दातवण घेऊन घराबाहेर आला. त्याने लॉरी पाहिली. प्रेमा त्याला "अहो, ऐका" म्हणेपर्यंत तो चर्चच्या दिशेने पळाला होता.

चर्चमध्ये काय झाले ते मी पाहिलेले नाही. ऐकले ते असे, की फादरांचे प्रवचन चालू असता गुणाजी मागच्या दारात उभा राहून "मॅनेजर चल्लो रे! लॉरी इली!" असे ओरडला. पुरुषांची मागची दोन बाकडी रिकामी झाली.

पंधरावीस माणसे आली. रोझारिओ सर्वांच्या पुढे होते. ते लॉरीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले व म्हणाले, "आता माझ्या अंगावरून न्या." बाकीचे लॉरीवर चढले व सामान खाली उतरवू लागले. दशरथ म्हणत होते, "अरे बाबांनो, मला बाईंनी बोलावलंय, मी कुठल्या मॅनेजरला ओळखत नाही." कोणी ऐकले नाही. मीही सांगत होते. मी काय सांगत होते ते विचारले तर, "हे सामान माझं आहे" असे सांगत होते. माझा आवाज मोठा आहे. तरी कोणी ऐकले नाही. एकजण मला म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा वहिनी, लागेल."

गुणाजीने लॉरी सुरू करण्याचे लोखंडी हँडल उपसले व विहिरीत टाकले. हे मी डोळ्यांनी पाहिले. दशरथ त्याच्या अंगावर धावले. तेथे ढकलाढकली झाली. दशरथांच्या ओठातून रक्त आलेले मी नंतर पाहिले. कोणी मारले ते मी सांगू शकत नाही, कारण त्याच वेळी दोघांनी माझे शिवणाचे मशीन लॉरीवरून खाली घेतले आणि एकाचा हात सुटला. मी मशीनकडे पाहत होते. मशीनच्या स्टँडचा एक पाय मोडला. हे मशीन माझ्या आईचे आहे.

इतक्यात माझे पती मैदानावरून आले. अंगात अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. त्यांना पाहून लोकांनी गराडा घातला. कोणी हात धरले, एकाने पाय धरले. रोझारिओ चाकाशी बसल्या बसल्या रडू लागले. म्हणाले, "क्लेमेंट, तू गेलास तर या पोरांना कोण बघणार रे? मी काय मरेपर्यंत विहिरीकडं बघत बसू?" रोझारिओंचा मोठा मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो परत आलेला नाही. धाकटा आमचा हाफबॅक आहे. हे सर्व गावाला माहीत आहे.

माझे पती म्हणाले, "कोण जातंय? मी कुठं जातोय? ही लॉरी कोणाची?"

मी म्हटले, "माझी."

तेव्हा सर्वजण थांबले. सामान अंगणात पसरलेले होते. माझी ट्रंक, कापड बेतायचे टेबल, मशीन, माझी खाट, कापडाची दोन बोचकी. पतींनी एकेका वस्तूकडे पाहिले. त्यांचा कोट त्यात नव्हता, बूट नव्हते. गुणाजीच तो, त्यालाच प्रथम कळले. तो हळूच म्हणाला, "ह्येत मॅनेजराचा कायच नाय."

पतींनी मला विचारले, "कुठं जातेस?"

"मुलुंडला. तीन वेळा सांगितलंय तुम्हाला."

"मला वाटलं, तू नुसतं बोलतेस."

मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "मी मिलवाल्यांना जुलैमध्येच नाही म्हणून कळवलंय."

हे मलाही माहीत नव्हते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ही माणसे माझ्या खिडकीखाली बसून भांडत होती. मी विचारले, "मग सांगितलं का नाही? यांना नाही तर नाही, मला?"

पती खाली पाहून म्हणाले, "लोक विचार करीत होते गं माझा. बरं वाटत होतं."

हे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. मला राग आला, पण ते खरे बोलले हे मला समजले. मलाही मुलुंडला त्या सिस्टरांनी विचारले तेव्हा बरे वाटले होते.

यापुढे प्रकार मिटला असता. परंतु कोणीतरी मागून म्हणाले, "वहिनी काय खरंच जात नाहीत. रागानं बोलतायत." दुसरा म्हणाला, "ट्रंक भरली म्हणजे जाणार." रोझारिओ डोळे पुसून उठले व म्हणाले, "छट्, सेराफिना जायची नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो." गुणाजी म्हणाला, "जातली! पैज लावा." मी तेथेच उभी होते. माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून ते मी जाणार की राहणार यावर वाद घालू लागले आणि माझे पती दोघांकडे आळीपाळीने पाहू लागले.

तेव्हा मी पतींच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली व जोरात वाजवली. सर्व लोक जागच्या जागी थांबले. इतकी वर्षे ही शिट्टी आमच्या घरात खुंटीला आहे, मी कधी वाजवली नव्हती.

मी म्हटले, "मी जाते आहे. आज. सामान जसं होतं तसं लॉरीवर चढवा. मशीन मी सांगेन तसं उचला. गुणाजी, तू विहिरीत उतर."

गुणाजी विहिरीत उतरला. तो पोहणारा आहे, चारपाच बुड्या मारल्यावर हँडल सापडले. लोकांनी सामान चढवले. रोझारिओंनी मोडक्या पायाला बांबूची चीप लावून सुंभाने बांधली. माझी खाट पतींनी एकट्यांनी उचलली. दशरथ मात्र तोपर्यंत चिडून पायी चौकीत आले होते. म्हणून आम्ही सर्वजण येथे आलो. लॉरी ढकलत आणली, कारण चावी दशरथांच्या खिशात होती.

विचारल्यावरून सांगते की, मशीनबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दशरथांची तक्रार खरी आहे. त्यांनी कोणास प्रथम हात लावला नाही. गुणाजीने त्यांची माफी मागावी असे माझे म्हणणे आहे. ती त्याने आता बाहेर मागितली असे त्याची बायको प्रेमा मला चौकीच्या खिडकीतून म्हणाली. दशरथांनी ओठ पुसून लॉरी मुलुंडला नेण्याचे कबूल केले आहे.

पती माझ्याबरोबर येणार काय, असे जमादारसाहेबांनी विचारले. मी त्यांना बाहेर तेच विचारले. ते "पाहतो" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आज तुला पोचवायला येतो. खोली बघतो. पोरांचा सामना पुढल्या रविवारी आहे, तो झाला की मग पुन्हा येतो." पवईच्या रस्त्याने मुलुंड लांब नाही. मी "या" म्हटले. याहून जास्त आमच्यात बोलणे झालेले नाही. शाळा उद्या सकाळी आहे.

हा जबाब जमादारसाहेबांनी मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लॉरीसंबंधीच्या ओळीत 'पतीचे सामान' असे लिहिलेले निघाले. ते माझ्यासमोर खोडून 'माझे सामान' असे करून घेतले व शेजारी सही केली. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही : सेराफिना मिस्किटा
समक्ष : जमादार, पोलीस चौकी