चारातल्या तीन बरोबर

...आणि वर मलाच विचारतात हो, "काय व्हर्न, आज कुठल्या गावात आहेस?" मला! ज्याने बावीस वर्षं केस्टरच्या विमानतळावर लोकांना रेडिओवर कसं बोलायचं ते शिकवलं, त्याला! तुम्हाला सांगतो, आमच्या नेब्रास्कातल्या या एवढ्याएवढ्या विमानतळांवर ना टॉवर, ना टॉवरमध्ये बसून 'ये, उतर' म्हणणारं कुणी. ज्याने त्याने आपलं आपण रेडिओवर सांगायचं, आणि सांगायचं तरी काय? कुठलं गाव, मी कोण, आहे कुठे, करतोय काय. बस्स! चार गोष्टी सांगायच्या असतात हो, चार!

पण नाही... तो आमचा दातांचा डॉक्टर लोवेल! बटण दाबतो आणि आधी "अं..." म्हणतो, मग आणखी एक "अं...", मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग यंदाचा मका, आणि विमान कुठे आहे ते सांगायच्या आत बटण सोडतो! एक बाई तर तीन आठवडे भलत्याच चॅनलवर बोलत होत्या आणि रुसल्या आमच्यावर, "केस्टरची माणसं भारी शिष्ट, साधं उत्तर देत नाहीत!" सगळ्यांना मी धारेवर धरायचो. हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, कॉफी पिताना नकला करायचो. लोवेलचा "अं" माझ्याइतका कुणाला जमायचा नाही... खुद्द लोवेलला नाही!

तर झालं काय, गारपिटीत माझ्या हँगरचं छप्पर गेलं आणि मार्चात मी विमान व्हेलबीला हलवलं. चाळीस मैलांवर. तिथेही चॅनल तोच, म्हणजे इकडचं बोलणं तिकडेही ऐकू येणार; वारा तोच, म्हणून धावपट्टीची दिशा तीच आणि दिशेवरून पडणारा नंबरही तोच, सतरा. म्हणून तर आधी गावाचं नाव घ्यायचं असतं ना! हे मीच सांगायचो हो सगळ्यांना, मीच!

आता माझी बायको, ॲर्डिथ. मला अडुसष्ट पुरी झाली त्या दिवशी तिने 'पिवळं विमान विकणे आहे' अशी जाहिरात स्वतःच्या हाताने लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. म्हणाली, "एकदा येते बसून. एकदाच. मला भीती वाटली, तर सोमवारी ही पेपरात."

"अगं, भीती कसली? माझ्यासारखा पायलट शेजारी असताना..."

"सोमवारी," ती म्हणाली.

शनिवारी निघालो. काय ऊन, काय हवा! आणि ॲर्डिथ चक्क हसली हो! "ते बघ, आपलं चर्च!" म्हणाली. म्हटलं, जिंकलं! विमान वाचलं! व्हेलबीला उतरायला वळलो, बटण दाबलं आणि एकदम रुबाबात, "केस्टर, पिवळं विमान, धावपट्टी समोर, सतरावर उतरतोय, केस्टर!"

"अं..." रेडिओ म्हणाला. "केस्टर, अं... व्हर्न? मीपण सतरावर उतरतोय. कुठेयस तू?"

"धावपट्टीच्या तोंडाशी!"

"मीपण!"

एक धावपट्टी, दोन विमानं, आणि दुसरं दिसतच नाही! वर नाही, खाली नाही, मागे नाही! अहो, दिसणाऱ्या विमानाला कोण घाबरतो? मी इंजिनाला जोर दिला, गेलो वर. तो म्हणतो, "अं... मीपण वर!" मग काय, आमच्याकडची माणसं! हॉटेलच्या दारातसुद्धा 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत सूप गार होईपर्यंत उभी राहतात. "तू उतर, व्हर्न." "छे छे, तू उतर." "तुझ्याबरोबर वहिनी आहेत, तू आधी." "तुझा गुडघा आहे, तू आधी!" तीन फेऱ्या झाल्या, तीन! ॲर्डिथची बोटं सीटमध्ये रुतलेली, आणि मला डोळ्यांसमोर सोमवारचा पेपर दिसतोय, पान सहा...

"व्हर्न," ॲर्डिथ म्हणाली. "त्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय?"

"आत्ता टाकी कसली वाचतेस! व्हेलबी लिहिलंय! दुसरं काय लिहिणार?"

"मग मघापासून केस्टर केस्टर काय लावलंयस?"

...

माणसापेक्षा उंच अक्षरं हो त्या टाकीवर! आणि काय सांगू तुम्हाला, लाज नंतर वाटली. आधी इतकं, इतकं हलकं वाटलं! लोवेल चाळीस मैलांवर होता! सुखरूप! मोकळ्या आभाळात एकटाच घिरट्या घालून मला वाट देत होता बिचारा! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बटण दाबलं आणि म्हटलं, "लोवेल... अं..."

मी! "अं"!

सगळं ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "अं... मला वाटलं, तू भेटायला आलास. जाऊ दे, व्हर्न. चारातल्या तीन बरोबर होत्या."

घरी आलो. ॲर्डिथ सरळ फ्रिजकडे गेली, जाहिरात काढली... माझा जीव टांगणीला... आणि टराटरा फाडली! म्हणाली, "चर्च छान दिसतं वरून. विमान तू चालव. बोलणार मी."

आणि बोलते हो! दर शनिवारी! "व्हेलबी, मी ॲर्डिथ, पिवळ्या विमानातून, टाकीच्या डावीकडे आहोत, उतरतोय, सगळ्यांनी जपून. आणि लोवेल, गुडघा कसाय?" आणि तो सांगतो! आणि कुणी हूं की चूं करत नाही, उलट दोन जिल्हे कान लावून बसतात! चार गोष्टी सांगायच्या असतात हो, चार! पण सांगणार कुणाला?

गेल्या शनिवारी तिला सर्दी झाली, एकटाच गेलो. टाकी वाचली. पुन्हा वाचली. बटण दाबलं. कुठलं गाव, मी कोण, आहे कुठे, करतोय काय. चारही! चारही बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही! शाळेत ऐकवावं असं बोललो हो...

मग केस्टरहून आवाज आला,

"अं... ॲर्डिथवहिनी बऱ्या आहेत ना?"