डेरीच्या रांगेतली सभा

मी मूळची आटपाडीकडची. तिकडं पानी कमी आन बोलनं जास्त, असं आमच्या सासूबाई म्हनायच्या, आन काय खोटं न्हाई ते. लग्न होऊन कुंडलात आले, मालक मिलिटरीत, वर्सातनं दोनदा घरी, आन मी बारावी झालेली, म्हून गावातल्या समाजमंदिरात शाळा सुटल्यावरचा वर्ग माझ्याकडं आला. पंचवीस पोरं. गोष्टी वाचायच्या, गनितं करायची, भांडायचं, पुन्यांदा वाचायचं.

आता आईबापांनी बी यावं, आपलं लेकरू काय करतंय बघावं, अशी माझी लय इच्छा. चिठ्ठ्या धाडल्या, बुधवारी साडेपाचला पालकसभा. सतरंजी टाकली, चहा ठिवला, आन आलं कोन, तर एक आजी, ती बी चहाच्या वासानं. मी अशी चिडले, म्हनलं ह्या गावाला लेकरांची पडलेलीच न्हाई. तवा आजी म्हनली, आवं बाई, साडेपाचला धारा काढायच्या का सभेला यायचं, म्हस काय तुमची चिठ्ठी वाचती व्हय? काय सांगू तुमास्नी, माझ्या दारात म्हस न्हाई म्हून माझ्या डोक्यातच आलं न्हाई. चूक माझी आन चिडले गावावर.

त्यातच गौरीचं झालं. चौथीतली पोर, वाचायला लागली की खानंपिनं इसरनारी. तिचा बाप दत्तू, दोन म्हशी, आई द्राक्षबागेत कामाला. दत्तूनं सांगून धाडलं, सोमवारपासनं पोरगी येनार न्हाई, वैरन कोन आननार? मी घरी गेले. त्यानं मान बी वर केली न्हाई, म्हनला, वाचून काय गवत कापतंय व्हय? गौरी दाराआड उभी, आवाज न करता रडत हुती. पोटच्या पोरीवानी वाटायची ती मला.

मग इचार केला, सभेला मानसं येत न्हाईत तर सभाच मानसांकडं न्यावी. धारा काढल्या की सगळं गाव किटल्या घेऊन डेरीत रांगंला उभं, अर्धा तास नुसत्या गप्पा. शनवारी पंचवीस पोरं घेऊन गेले आन कट्ट्यावर बसवली. मानसं हसली, म्हनली बाईनं दुकानच मांडलं की. एकेक पोरगं उठून वाचाय लागलं. गौरीची पाळी आली, हरवलेल्या करडाची गोष्ट. दत्तू रांगेत हुता, आमच्याकडं पाठ करून.

गोष्टीतलं करडू हिरीत पडलं आन नेमका दत्तूचा नंबर आला. आतनं दूध मोजनारे आण्णा वरडले, दत्तू, आन रं किटली. दत्तू मागच्याला म्हनला, तू हो म्होरं. मग त्याच्या मागच्याला, तू बी हो. अशी सहा मानसं म्होरं गेली आन हा किटली पोटाशी धरून उभा, करडू वर निघंपतुर.

दूध घालून माझ्याकडं आला. म्हनला, बाई, ही कवा शिकली वो एवढं? मला माझं नाव बी लिवता येत न्हाई. म्हनलं, दत्तूभाऊ, तुमीच धाडली म्हून शिकली. त्यानं रिकामी किटली उचलली आन गौरीला घेऊन घरी गेला. सोमवारी गौरी वर्गात, आन वैरन आता तो पहाटंच आनतोय.

आता दर शनवारी आमची सभा डेरीतच. आया इचारत्यात, आमचीला पाढे येत्यात का, बाप पोरांच्या चुका काढत्यात, स्वतःला येत नसलं तरी. सगळं झ्याक चाललंय असं न्हाई, दोनतीन घरं अजून बी फिरकत न्हाईत, त्यांच्या दारात मी जाते.

गेल्या शनवारी गौरीला ताप, ती आली न्हाई. दत्तू दूध घालून मोकळा झाला तरी जाईना. रिकामी किटली घेऊन कट्ट्यावर पोरांच्यात येऊन बसला. म्हनलं, दत्तूभाऊ, घरी पोर आजारी, आन तुमी हितं? तर म्हनला, तिनंच धाडलंय बाई, आजची गोष्ट नीट ऐकून या म्हनली, घरी जाऊन सांगायची हाय. जरा सावकास वाचाय सांगा पोरास्नी, माझ्या ध्यानात ऱ्हायला पायजे.