मधे बसलेली वृंदा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. हुकूम एकाचा, काम दुसऱ्याचं — मग मधे बसून नुसता निरोप पोचवणाऱ्याला पाप लागतं का? "आम्ही काय, हुकमाचे ताबेदार!" म्हणून सुटता येतं का? मागे देशमुखकाका मान डोलावताहेत — सुटता येतं! बरं, ऐका मग.

मुंबईत एक कचेरी. तिथं वृंदा साळसकर नावाची बाई. काम काय? जगभरची जहाजं हलवायची! जहाजाचा मालक अथेन्सला, विमा लंडनला, माल सिंगापूरच्या शेटचा, खलाशी आपल्या कोकणातले. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. सगळ्या दोऱ्या येतात त्या वृंदाच्या टेबलावर. शहर मोठं होतं ते असं, उंच इमारतींनी नव्हे! आणि वृंदा? होडीत बसली तरी तिला मळमळतं!

एके दुपारी भर समुद्रातून कॅप्टनचा फोन. "मॅडम, जयगडचा नझीर पोट धरून लोळतोय. अपेंडिक्स दिसतंय. कोलंबो जवळ आहे, वळू का?"

वळलं की दिवस वाया जाणार, पैसा बुडणार. वृंदानं अथेन्सला विचारलं. अथेन्स म्हणालं, लंडनला विचारा. लंडन म्हणालं, माल ज्याचा त्याला विचारा. सिंगापूर घरी निघालेलं — म्हणालं, मालकाला विचारा, तोवर सरळ जाऊ द्या. म्हणजे पुन्हा अथेन्स! वाईट कुणी बोललं नाही हो. सगळे गोडच बोलले. आणि इकडे कॅप्टनचा फोन चालूच, त्यातून नझीरचं ओरडणं ऐकू येतंय.

इतक्या वर्षांत वृंदानं निरोपात आपला एक शब्द घातला नव्हता. तिला संताप आला — त्या तिघांचा नाही, स्वतःचा.

"कॅप्टनसाहेब, वळवा."

"हुकूम कुणाचा?"

"माझा."

लगेच कोलंबोला फोन करून तिनं डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळं बंदरावर उभं केलं. तिचे साहेब, कर्णिक, धावत आले.

"परवानगी कुणाची घेतलीस?"

"घेत बसले असते तर परवानगी मिळाली असती, साहेब. नझीर मिळाला नसता."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. सगळ्या दोऱ्या माझ्या हातात, आणि माणूस मेला की हात माझे नाहीत म्हणू?"

नझीर वाचला. वृंदाची खुर्ची गेली. पर्स उचलून ताठ मानेनं बाहेर पडली बाई!

काय देशमुखकाका, मान का थांबली? अहो, आपण सगळेच कुठे ना कुठे मधे बसलोय. कुणी सोसायटीत, कुणी कचेरीत, कुणी घरात. उद्या तुमच्यासमोर कुणी असाच तळमळेल. काय सांगाल? पलीकडे विचारा? आणि देवाला काय सांगाल — वरून हुकूम होता? त्याच्या वर कोण बसलंय, मंडळी?

घ्या आता टाळ.